रिकामं वजन बाकी

"ओ मोटरसायकलवाले! काट्यावरून गाडी काढा! हा काटा आहे, पार्किंग न्हाई!"

केशवशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. तेही भोंग्यातून. अख्ख्या राजूर रोडनं ऐकलं.

जालन्याहून राजूरला जाताना डाव्या हाताला जुगलकिशोर शेठजींची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, लागते. फाटकातून आत शिरलं की वजनकाटा, काट्याला लागून जरा उंचावर पत्र्याची केबिन, आणि केबिनीच्या खिडकीत मी, राजनंदिनी. कापसाची गाडी काट्यावर चढते, मी भरलं वजन घेते. गाडी आत कापूस उतरवून परत येते, मी रिकामं वजन घेते. दोन्ही वजनं मिळाली की कम्प्युटर निव्वळ वजन काढतो आणि पावती करकर करत बाहेर येते. एवढंच माझं काम. आयुष्यही इतकंच सोपं असेल असं मला तेव्हा वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीची ती मार्गशीर्षातली संकष्टी. राजूरच्या गणपतीला निघालेल्यांनी रस्ता फुललेला, फाटकात बारा गाड्यांची रांग, आणि माझा कम्प्युटर सकाळपासून मेलेला. त्यात हा माणूस रांगेतल्या गाड्यांना वळसा घालून आत आला, काट्याच्या बरोबर मधोमध मोटरसायकल लावली, हेल्मेट काढलं आणि मान वर करून बघत उभा राहिला.

भोंग्यातून ओरडल्यावर तो खिडकीशी आला. "माफ करा मॅडम. जालन्याचा रस्ता विचारायला आत आल्तो. काटा दिसलाच न्हाई."

"चाळीस फुटांची लोखंडी प्लेट दिसली न्हाई? आणि जालना तुमच्या पाठीमागं आहे."

"हो का..." तो वळून बघत म्हणाला. "म्हणजे मी तिकडूनच आलो वाटतं. मी वर बघत होतो ना."

"वर काय होतं?"

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "कापूस," तो म्हणाला. "कापूस उडत होता."

चिडावं की हसावं, मला कळेना. हे न कळणं पुढं तीन वर्षं चाललं.

त्याची नजर माझ्या काळ्याठिक्कर स्क्रीनवर गेली. जालन्यात त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, हे मला तेव्हा कळलं. आत येऊन त्यानं कम्प्युटरचा डबा उघडला, आतला बोटभर कापूस काढला आणि वैद्यानं सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, ह्याच्यात जी सिस्टीम आहे ना, ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडं बघणं कधीच सोडलं. आणि नवी सिस्टीम ह्या मशीनला ओळखच देत न्हाई. हे कार्ड दिसतं? काट्याची वायर ह्याच्यात येते. हे कार्ड बनवणारी कंपनीच आता न्हाई."

"मंग? भंगारात?"

"न्हाई हो. जगात काही येडी माणसं आहेत. फुकट सिस्टीम बनवतात. जुन्याला टाकून देत न्हाईत."

हे तो कार्डाकडे बघून म्हणाला. तरी मला उगाच पदर... म्हणजे ओढणी सारखी करावीशी वाटली.

तीन वाजेपर्यंत त्यानं त्या येड्यांची सिस्टीम बसवली आणि काटा बोलायला लागला. तपासायला म्हणून तो स्वतःच मोटरसायकलवर बसून प्लेटवर गेला. एकशे ऐंशी किलो. मी खिडकीतून विचारलं, "माल काय लिहू?"

"काही न्हाई. रिकामाच आलोय मी."

आता मालाचा रकाना रिकामा ठेवला तर कम्प्युटर पुढं जात नाही. मी सवयीनं 'कापूस' लिहिलं, सवयीनं वजन भरल्या गाडीच्या रकान्यात टाकलं. तो हसला, किक मारली आणि गेला. पावती अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर पहिलीच ओळ — एमएच एकवीस, मोटरसायकल, भरलं वजन एकशे ऐंशी, *रिकामं वजन बाकी*.

एक बटण दाबलं की ती ओळ गेली असती. सहा वर्षांत मी असल्या शेकडो ओळी काढून टाकल्यात. ही राहिली. का राहिली ते मला विचारू नका, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर तो दर संकष्टीला यायचा. राजूरला जाता जाता, म्हणायचा. तासभर बसायचा, डबा उघडायचा, ब्रशनं कापूस झाडायचा, "बराबर आहे" म्हणायचा, डबा मिटायचा. संकष्टी म्हणजे उपास असणारच, म्हणून मी घरून साबुदाण्याची खिचडी आणायचे. त्याला एकट्याला खायला अवघड वाटेल म्हणून मीही त्याच्यासोबत खायचे. आमच्या घरात उपास कोणीच धरत नाही. आई, म्हणजे बेबीनंदा, जिचा आवाज काट्याच्या भोंग्यापेक्षा मोठा आहे, ती दर महिन्याला विचारायची, "राजे, उपास हाय तरी कोणाचा?" मी शेंगदाण्याचं कूट कुटत राहायचे.

हाक मारायचा एक घोळ होता. सगळी जिनिंग त्याला केशवदादा म्हणायची. माझ्या तोंडून 'दादा' काही निघेना. 'अहो' म्हणावं तर ते फारच पुढचं. शेवटी मी त्याला काहीच म्हणत नसे. खिडकीतून दिसला की नुसती खाकरायचे. भिवामामा, आमचे काट्यावर गाड्या लावून देणारे, पांढऱ्या मिशांचे, मला म्हणायचे, "बाई, खोकल्याचं औषध घ्या. दर चतुर्थीला उठून राह्यला तुमचा खोकला."

एकदा म्हणाले, "हे पोरगं गणपतीला जाऊन राह्यलं, का गणपती इथंच बसिवला?"

"मामा, काहीतरीच!"

"मंग कपाळाला गंध कसं दिसत न्हाई परत जाताना?"

तेही खरं होतं. मी गोंधळले. गणपतीसाठी येतो, कम्प्युटरसाठी येतो, की... तिसरं मी मनातही पुरतं म्हणत नसे. तीन टिंबांवर सोडून द्यायचे. एकदा त्यानं माझ्या केसांकडे हात केला. "कापूस," तो म्हणाला, आणि बोट नुसतं दाखवून हात मागं घेतला. मी दिवसभर तो कापूस केसांत तसाच ठेवला. मला शहाणी म्हणायचं तर म्हणा.

आणि एक कबूल करून टाकते. संकष्टीच्या आदल्या दिवशी मी काट्याची वायर मागून जराशी ढिली करून ठेवायचे. जराशीच.

या वर्षी पौष लागला आणि एका सकाळी शेठजी केबिनीत आले. "बेटी, नवा कम्प्युटर येऊन राह्यला. येत्या चतुर्थीला बसवून टाकू. जुना भंगारमध्ये. पुण्याची पार्टी फोनवरून सगळं बघणार, कोणाला इथं यायची जरूरतच न्हाई."

मी पावती फाडता फाडता म्हणाले, "पण... केशव बघतात ना."

"अरे, उसीने तो बोला! म्हणाला, शेठजी, ह्या कार्डचा सपोर्ट बंद होऊन राह्यला, आता नवीनच घ्या."

शेठजी गेले. बाहेर ट्रॅक्टर घुरघुरत होता आणि मी स्क्रीनकडे बघत बसले. कोणाला इथं यायची जरूरत नाही. मशीन गेलं की तो येणार नाही. संकष्टी येईल, खिचडी होणार नाही, खोकला उठणार नाही. आणि हे सगळं त्यानं स्वतःहून सांगितलं! "मी आहे तोवर हे मशीन बंद पडणार न्हाई," असं ज्यानं मला म्हटलं होतं, त्यानं!

त्या येड्या माणसांचं बोलणं जिथं चालतं ते पान त्यानं मला एकदा ह्याच कम्प्युटरवर दाखवलं होतं. मी ते शोधलं. फिनलंडचा कोणी गृहस्थ दर वर्षी तिथं एकच प्रश्न विचारतो: हे जुनं कार्ड जगात अजून कोणी वापरतं का? कोणी 'हो' म्हटलं नाही, तर पुढच्या सिस्टीममधून त्याचा भाग काढून टाकायचा. माझं इंग्रजी घरी डिक्शनरी घेऊन शिकलेलं, एकेक शब्द चाचपत जाणारं. पण खालचं शेवटचं उत्तर वाचायला डिक्शनरी लागली नाही. दहा दिवसांपूर्वीचं. खाली नाव, केशव, जालना.

*माझी हरकत नाही. काढून टाका.*

मी वर सरकले. मागच्या वर्षीचं उत्तर.

*थांबा. हे कार्ड वापरात आहे. मी वापरत नाही, एक मॅडम वापरतात. रोज सत्तर गाड्या. फार काळजीनं वापरतात. कृपया एक वर्ष द्या.*

त्यावर फिनलंडवाल्यानं विचारलं होतं, सगळ्या जगात एकच मशीन? बदलून का टाकत नाही?

*बदलता येईल,* केशवनं लिहिलं होतं. *पण मग तिथं जायला माझ्याकडे कारण उरणार नाही.*

आणि त्याच्याखाली, फिनलंडहून — *समजलं. एक वर्ष देतो. तेवढ्यात तिच्याशी बोलून टाका.*

म्हणजे फिनलंडला माहीत होतं. फक्त राजूर रोडला माहीत नव्हतं.

मी ते तीनदा वाचलं. मग हळूहळू डोकं चालायला लागलं आणि सगळा आनंद फिसकटला. हे मागच्या वर्षीचं. या वर्षी तर 'काढून टाका' आहे. वर्ष सरलं आणि मन भरलं? की बोलायचं धाडस झालं नाही म्हणून सोडून दिलं? की घरच्यांनी कुठं दुसरीकडं...

मी एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. मंगळवार होता, चतुर्थी लांब. मी वायर चांगली ओढूनच काढली आणि फोन लावला.

"काटा बंद पडला. वायर सुटली."

"कोणती?"

"मागची. दरवेळची."

पलीकडे पेचकस टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "ती बसवा ना मॅडम. तुम्हाला येतं की."

फोन बंद. मी वायर बसवली. मला येतंच. तीन वर्षं रोज येत होतं. भिवामामा खिडकीशी आले. "डोळ्यात कापूस गेला का बाई?"

"हो."

"दोन्हीत?"

मग ती संकष्टी आली. सकाळपासून आभाळ भरून आलेलं, पौषात असं भलतंच. कापूसवाले गाड्यांवर ताडपत्र्या ओढत होते, शेठजी आत गोदामाची दारं उघडायला लावत होते. नवा कम्प्युटर टेबलावर चकचकत होता आणि जुना त्याच्या शेजारी, सासरी निघालेल्या मुलीच्या बापासारखा गप्प. केशव दहाला आला. जुन्या पावत्या नव्यात न्यायच्या होत्या, तेवढंच त्याचं शेवटचं काम.

मी खाकरले नाही. खिचडीचा डबा मात्र सवयीनं पुढं ठेवला. त्यानं तो उघडला नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मॅडम, सगळं जाऊन राह्यलं, एक पावती अडली. अर्धी आहे. पुरी झाल्याशिवाय नवा घेत न्हाई." आणि मग स्क्रीनवर वाकला. "हा तर... माझाच नंबर."

मी बाहेर बघितलं. ताडपत्रीवर पहिले थेंब टपटपले.

"तुम्ही ही ठेवली?"

"काढायची राहिली."

"तीन वर्षं?"

"कामं असतात माणसाला."

"एक बटण असतं, मॅडम."

"मग दाबा ना तुम्ही! तुम्हाला येतं की! तिकडं जगाला लिहून दिलंतच ना, काढून टाका म्हणून!"

तो सावकाश सरळ झाला. "तुम्ही वाचलं?"

"खालून वर."

"...फिनलंडपर्यंत?"

"फिनलंडपर्यंत."

त्याचे कान असे लाल झाले की मला एकदम वाईटच वाटलं. तो खुर्चीवर बसला, ब्रश उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"त्या माणसानं मला वर्षाची मुदत दिल्ती," तो ब्रशला म्हणाला. "वर्षभर आलो. दर वेळी घरून ठरवून यायचो, आज बोलायचं. आलो की हे मशीन समोर. मंग ते उघडायचं, पुसायचं, बराबर आहे म्हणायचं. ह्याला झालंय काय हो तीन वर्षांत? काही न्हाई झालं. नुसती वायर सुटायची, तीही चतुर्थीच्या आदल्या दिवशी."

"उंदीर आहेत इथं."

"उंदीर काय तिथी बघून वायर काढतो?"

मी ओठ घट्ट मिटले. हसू आलं तर संपलं होतं.

"ह्या जानेवारीत त्यांनी परत विचारलं, कोणी वापरतं का. मी 'हो' लिहायला बसलो, आणि मलाच माझी लाज वाटली. म्हटलं, मी किती दिवस ह्या डब्याच्या आडून येत राहू? हे कारणच नको. कारण नसताना आलो, तर... तर मंग तुम्हाला कळंल."

"आणि मंगळवारी? मी फोन केला तेव्हा?"

"मंगळवारी आलो असतो, तर परत वायरसाठीच आलो असतो ना."

बाहेर भुरभुर लागली होती. लोखंडी प्लेट ओली होऊन काळी पडत होती. मी विचारलं, "आणि आज? आज कशासाठी आलात?"

"पावत्या न्यायला..." माझं तोंड बघून तो थांबला. ब्रश टेबलावर ठेवला. "न्हाई. तुमच्यासाठी."

मला खूप काही बोलायचं होतं. तीन वर्षांत मी आरशासमोर बरंच पाठ केलं होतं. निघालं ते असं, "खिचडी खा ना."

"एक सांगू? रागवायचं न्हाई." त्यानं डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "मला साबुदाणा बिलकुल जात न्हाई. उपासही मी धरत न्हाई. तुम्ही धरता, एकट्या कशा खाणार, म्हणून..."

"मी कुठं धरते! तुमचा उपास म्हणून मी—"

तीन वर्षांच्या सगळ्या संकष्ट्या, दोघांनी एकमेकांच्या नसलेल्या उपासाला सोबत केली होती. मग तो हसायला लागला आणि मी ओठ मिटलेले सोडले.

"बाईऽऽ!" भिवामामा खिडकीत आले, डोक्यावर पोतं घेतलेलं. "पाणी येऊन राह्यलं, लोकांचा कापूस भिजंल! जल्दी करा!"

"एक पावती अडलीय मामा. केशवचं रिकामं वजन घ्यायचंय." पहिल्यांदाच नाव घेतलं, तेही नुसतं. मामांच्या मिशा हलल्या.

केशव पळत खाली गेला आणि मोटरसायकलसकट प्लेटवर चढला. लाल आकडे थरथरले आणि थांबले. एकशे ऐंशी. मी वजन घेतलं. कम्प्युटरनं नाकारलं. भरलं एकशे ऐंशी, रिकामं एकशे ऐंशी, निव्वळ शून्य. शून्याची पावती निघत नाही.

"काय झालं?" तो खालून ओरडला.

"निघत न्हाई! आलात तेवढेच आहात!"

"मॅडम, मी त्याच दिवशी सांगितलं होतं, रिकामाच आलोय म्हणून! तुम्ही भरल्यात लिहिलं! चूक तुमची!"

मी स्क्रीनकडे बघितलं. खरंच की. सहा वर्षं काट्यावर बसून अशी चूक मी एकदाच केली होती. आवकेची पावती केली होती मी त्याची — भरून आला, रिकामा जाणार. ती जावकेची हवी होती. सरकी न्यायला येणारी गाडी आधी रिकामी येते, मग भरून जाते. मी रकाना बदलला. ओळ बदलली. रिकामं वजन एकशे ऐंशी, *भरलं वजन बाकी*.

मी उठले.

"मामा, हिरवं बटण माहितीय ना? आकडा थांबला की दाबायचं."

"आन् तुम्ही कुठं चालल्या?"

मी ओढणी डोक्यावर घेतली, केबिनीच्या चार पायऱ्या उतरले आणि भुरभुरत्या पावसात, बावीस गाड्यांच्या देखत, त्याच्या मागं जाऊन बसले. खांद्याला धरावं की सीटला, याचा गोंधळ एक क्षण झाला. मग खांद्याला धरलं.

लाल आकडे पुन्हा थरथरले. भोंगा खरखरला. "दोनशे तीऽऽस!" मामांचा आवाज. "निव्वळ पन्नास किलो!"

"पन्नास?" केशव मान वळवून म्हणाला. "खरं?"

"छप्पन आहे," मी म्हणाले. "काटा दहा-दहानं बोलतो. सहा किलो त्यानं सोडून दिले."

"भला काटा आहे."

केबिनीतून करकर ऐकू आली. जुना कम्प्युटर त्याची शेवटची पावती छापत होता. मालाच्या रकान्यात अजून 'कापूस'च होतं, ते बदलायचं राहिलंच. मी त्याच्या ओल्या कानाशी वाकले. "खरं सांगा. त्या दिवशी वर कापूस बघत होतात?"

"न्हाई."

"मग?"

"रस्त्यावरून खिडकी दिसली. नीट बघायला म्हणून आत आलो. काटा खरंच दिसला न्हाई."

त्याचं जाकीट ओलं होतं आणि त्याला धुळीचा, पेट्रोलचा वास होता. माझ्या आयुष्यात मला इतका चांगला वास कधी आला नव्हता.

"सहाला सुटते मी," मी म्हणाले.

"मी थांबतो. मंग राजूरला जाऊ. तीन वर्षं गणपतीचं नाव सांगून इथनंच परत फिरलोय, त्याची माफी मागायची आहे."

"सहाला अजून सात तास आहेत. तोवर थांबून काय करणार? मशीन तर गेलं."

"काही न्हाई."

"मग कारण?"

"कारण न्हाई," केशव म्हणाला.

भोंगा पुन्हा खरखरला. या वेळी मामांना तो बंद कसा करायचा हे कळत नव्हतं, की करायचाच नव्हता, देव जाणे. "ओ मोटरसायकलवाले! काट्यावरून गाडी काढा! हा काटा हाय, पार्किंग न्हाई!"

अख्ख्या राजूर रोडनं ऐकलं. गाडी मात्र लगेच हलली नाही.